चांगली लाट कोठे सापडते?

समुद्रकिनारी बसून लाटा मोजणे हे आपल्याकडे रिकामटेकडेपणाचे लक्षण समजले जाते. आज आम्ही नेमका तोच उद्योग वाचकांपुढे मांडणार आहोत. एक लांबट फळी घेऊन समुद्रात शिरायचे, मागून येणाऱ्या लाटेच्या उतारावर उभे राहायचे आणि लाट फुटत जाईल तसे तिच्या पुढेपुढे घसरत जायचे, या खेळाला सर्फिंग म्हणतात. खेळ नवा नव्हे. १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरील मंडळींनी ताहिती बेटावर लोकांना फुटत्या लाटांत अशी क्रीडा करताना पाहिले, आणि पुढे दहा वर्षांनी हवाई बेटांवरील फळ्यांचे वर्णन त्याच दर्यावर्दींनी लिहून ठेवले. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ प्रथम आला. २०२४ चे ऑलिंपिक पॅरिसला झाले, पण सर्फिंगचे सामने मात्र पॅरिसहून पंधरा हजार किलोमीटरांहून दूर, पुन्हा त्या ताहितीलाच घेतले. फ्रान्सला समुद्र नाही काय? आहे, आणि चांगला आहे. परंतु ऐन उन्हाळ्यात तेथे लाटेचा भरवसा नसतो, हे त्यामागचे एक मोठे कारण. मैदान बांधता येते, तशी लाट सहजासहजी बांधता येत नाही. ती जेथे आहे तेथे आपणच जावे लागते.

मग ती कोठे आहे, हे ओळखायचे कसे? आमचे वय आता फळीवर उभे राहण्याचे राहिलेले नाही, आणि होते तेव्हाही धैर्य झाले नसते. तरीही हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. ही फळीवाली माणसे पाण्याकडे पाहून जे ओळखतात, ते आपल्यासारख्या गावातल्या माणसांना ओळखता येत नाही; आणि कोकणच्या पुळणींवर सहलीला गेलेली तरुण मुले दरवर्षी बुडतात, त्यांतील कित्येक केवळ पाणी वाचता न आल्यामुळे बुडतात. म्हणून खेळ बाजूला ठेवला तरी ही विद्या कामाची आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून आपण एकच किनारा घेऊ. श्रीलंका, आमच्या पिढीचे सिलोन. जिच्या नभोवाणीने आमच्या कित्येक संध्याकाळी अभ्यासापासून पळविल्या, तेच हे बेट. वाचकांनी नकाशा पुढे घ्यावा आणि बेटाच्या दक्षिण टोकाखाली बोट ठेवून ते सरळ खाली न्यावे. बोट कोठे अडते? कोठेच नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत मध्ये सलग पाणी आहे. चांगल्या लाटेच्या शोधाला खरी सुरुवात येथून होते.

लाट वाऱ्यापासून जन्मते, हे सर्वांना ठाऊक आहे. वारा किती जोराचा, किती वेळ वाहिला आणि किती लांब पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर तिचा आकार ठरतो. दक्षिण गोलार्धात चाळीस ते साठ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वाऱ्याला अडविणारी जमीन जवळजवळ नाही. तेथे वर्षभर वादळे उठत असतात, आणि त्यांतून निघालेल्या लाटा वादळ शमल्यावरही चालतच राहतात. प्रवासात त्या सुट्या होतात, सरळ होतात, एकीमागे एक शिस्तीने येऊ लागतात. दोन लाटांच्या माथ्यांमधील काळाला आवर्तनकाळ म्हणतात. किनाऱ्यावरच्या स्थानिक वाऱ्याने उठलेल्या लाटांचा आवर्तनकाळ बहुधा पाच-सात सेकंद असतो. दुरून आलेल्या लाटांचा बारा, पंधरा, कधी अठरा सेकंद. घड्याळात पाहून कोणालाही हे मोजता येते, आणि समोरचा समुद्र घरचा की परगावचा, हे त्यावरून कळते.

थोडे गणित केले तर मौज वाटेल. पंधरा सेकंदांच्या लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर, खोल समुद्रात सुमारे ३५० मीटर भरते. ही लाट तासाला सुमारे ८४ किलोमीटर वेगाने धावते; परंतु लाटांचा जो तांडा निघतो त्याचा वेग याच्या निम्मा असतो, कारण तांड्यातली पुढची लाट विरत जाते आणि मागे नवी उठत राहते. म्हणजे तांडा तासाला ४२ किलोमीटर चालला. सहा हजार किलोमीटरांवर वादळ झाले, तर त्याची लाट श्रीलंकेच्या किनाऱ्याला सहाव्या दिवशी लागते. अठरा सेकंदांच्या लाटा अधिक वेगवान, त्या एक दिवस आधीच पोहोचतात. प्रथम लांब आवर्तनकाळाच्या आणि मागाहून आखूड आवर्तनकाळाच्या लाटा आल्या, तर त्या दोहोंमधील वेळेवरून वादळ किती दूर झाले, हे किनाऱ्यावर बसून काढता येते.

हे शास्त्र खेळासाठी जन्मले नाही. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैन्य उतरवायचे तर त्या दिवशी लाटा किती उंच असतील हे आधी कळणे जरूर होते. हाराल्ड स्वेर्ड्रुप आणि वॉल्टर मंक या दोघा शास्त्रज्ञांनी त्याच्या रीती बसविल्या, आणि १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरले त्या वेळी त्या उपयोगी पडल्या. पुढे १९६३ साली मंक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिक महासागरात ओळीने सहा ठिकाणी उपकरणे ठेवून दक्षिणेकडील वादळांच्या लाटांचा माग काढला. वादळाचा परिसर एकदा मागे पडला की हजारो किलोमीटरांच्या प्रवासात या लाटा फारच थोडी शक्ती गमावतात, असे त्यांना आढळले. आज कोठलाही फळीवाला सकाळी उठून आठवड्याचे लाटांचे भाकीत पाहतो, त्याच्या मुळाशी ही सैन्याची गरज आहे, याची त्याला बहुधा वार्ताही नसते.

लाट आली, पण ती सगळीकडे सारखी येत नाही. श्रीलंकेच्या उत्तरेस जाफना आणि पाल्कची सामुद्रधुनी येथे ती पोहोचतच नाही. बेट स्वतःच आडवे येते, आणि तेथले पाणीही फार उथळ आहे. ईशान्येचे त्रिंकोमाली हे जगातील उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी एक. ते उत्तम बंदर ज्या कारणाने आहे, त्याच कारणाने फळीवाल्याच्या कामाचे नाही. नाविकाला जे हवे ते याला नको, असा हा उफराटा व्यवहार आहे. राहिला दक्षिण किनारा आणि पूर्व किनाऱ्याचा दक्षिणेकडील भाग. येथे आणखी एक सोय अशी की, बेटाभोवतीचा उथळ सागरी मंच अरुंद आहे, सरासरी वीसेक किलोमीटरांचा. मुंबईसमोर हाच मंच दोनशे किलोमीटरांहून अधिक रुंद आहे. लांब लाटेला तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर तळ लागू लागतो. आपल्या पंधरा सेकंदांच्या लाटेला म्हणजे सुमारे १७५ मीटर खोलीवरच जमिनीची जाणीव होते. मुंबईकडे येताना ती या उथळ मंचावरून घासत घासत येते आणि पोहोचेपर्यंत थकते. श्रीलंकेत ती खोल पाण्यातून जवळजवळ उंबरठ्यापर्यंत ताज्या दमाने येते.

आता सर्वांत रम्य भाग. तळ लागला की लाट वळते. खळ्यावर मळणी चालली असता तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतो आणि कडेचा बैल भरभर चालतो, म्हणून सगळी पात गोल फिरते. लाटेचेही तसेच. तिचे जे टोक उथळ पाण्यात शिरले ते मंदावते, जे खोल पाण्यात आहे ते धावत राहते, आणि सगळी लाट उथळाकडे वळते. समुद्रात घुसलेल्या भूशिराला लाटा अशा दोन्ही बाजूंनी वेढा घालतात आणि तेथे त्यांची शक्ती एकवटते. उपसागराच्या पोटात मात्र ती पसरून पातळ होते.

आणि फुटते केव्हा? पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीइतकी उरली की तिला तोल सावरत नाही. दोन मीटरांची लाट अडीच मीटर पाण्यात फुटते. तळ हळूहळू चढणारा, वाळूचा असेल तर तिचा माथा फेसाळत घसरत येतो. ती मवाळ लाट, शिकाऊ माणसाची. तळ एकदम उभा चढला, जसा प्रवाळाच्या कड्याला असतो, तर माथा पुढे झेपावून पोकळ कमान करतो आणि खाली आदळतो. ताहितीची लाट अशी आहे. पाहायला भव्य, पण खाली हातभर पाण्यात प्रवाळाचे सुळे.

परंतु उंचीपेक्षा महत्त्वाची एक गोष्ट आहे. ती समजल्याशिवाय सगळा शोध व्यर्थ. लाट किनाऱ्याला समांतर आली आणि तळ सगळीकडे सारखा असला, तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच क्षणी कोसळते. अशी लाट कितीही मोठी असो, खेळाला निरुपयोगी. स्वाराला जायला वाटच उरत नाही. हवी ती लाट एका टोकाला फुटून क्रमाक्रमाने दुसऱ्या टोकाकडे उलगडत जाणारी. त्यासाठी तळ तिच्या वाटेला तिरपा असावा लागतो. नकाशावर शोधायचे ते हे: दुरून येणाऱ्या लाटेला तिरपी भेटणारी भूमी.

पूर्व किनाऱ्यावर पोत्तुविल गावाजवळ अरुगम बे नावाचा लहानसा उपसागर आहे. दक्षिणेकडून आलेली लाट बेटाच्या आग्नेय कोपऱ्याला वळसा घालून येथे पोहोचते, दक्षिणेकडील भूशिराला भिडते आणि त्याच्या कडेकडेने उपसागरात उलगडत शिरते. भूशिरापाशी फुटू लागलेली लाट चांगल्या दिवशी माणसाला काही शे मीटर घेऊन जाते. गंमत अशी की, वळणाऱ्या लाटांनीच या उपसागराची वाळू त्या विशिष्ट कोयतीसारख्या आकारात बसविली आहे. लाट किनारा घडविते आणि किनारा लाट. म्हणून असे एक ठिकाण सापडले की शोधणारा तेथे थांबत नाही. त्याच किनाऱ्यावर, त्याच दिशेला तोंड केलेली दुसरी कोयती आहे का, हे तो नकाशावर पाहतो. अरुगम बेच्या उत्तरेला पोत्तुविलचे टोक आणि दक्षिणेला कुमना अभयारण्याच्या वाटेवरचे ओकंदा ही ठिकाणे अशीच एका माळेत आहेत. ओकंदाला मुरुगनाचे देऊळ आहे आणि कतरगामाला पायी जाणारे यात्रेकरू तेथे मुक्काम करतात. यात्रेकरू आणि फळीवाले एकाच वाळूवर भेटत असतील, तेव्हा एकमेकांविषयी काय समजूत करून घेत असतील कोण जाणे!

दक्षिण-पश्चिम किनाऱ्याची तऱ्हा निराळी. वेलिगामाचा उपसागर रुंद, तळ वाळूचा, लाट मवाळ. म्हणून तेथे शिकाऊ मंडळींची जत्रा. जवळच्या मिरिस्सा व मिदिगामा येथे खडक-प्रवाळावर फुटणाऱ्या लाटा. थोडे वर हिक्कडुवा, तेथेही प्रवाळाची भिंत. या भिंतीविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या किनाऱ्यावर चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रवाळ तोडण्याचा धंदा कायद्याची बंदी असूनही पुष्कळ वर्षे चालला. १९९८ साली समुद्राचे पाणी तापून हिक्कडुवाचे प्रवाळ पांढरे पडले व मोठ्या प्रमाणावर मेले. २००४ च्या २६ डिसेंबरला त्सुनामी आली. हिक्कडुवाच्या राखलेल्या प्रवाळामागे नुकसान किनाऱ्यालगत राहिले. काही किलोमीटर उत्तरेला पेरालिया येथे मात्र पाणी दूरवर आत घुसले, आणि तेथे उभ्या असलेल्या आगगाडीतील हजारावर माणसे गेली. नंतर किनारा तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी या फरकाचा संबंध तोडलेल्या प्रवाळाशी जोडला. फळीवाल्याला जी भिंत लाट देते, तीच भिंत गावाचे दार आहे. चुना मात्र कोठेही मिळाला असता.

लाट आणि तळ जमले तरी वारा जमला पाहिजे. समुद्रावरून जमिनीकडे येणारा वारा लाटेचा माथा मागून ढकलतो, ती वेळेआधी मोडते आणि पाणी खवळते. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा तिच्या तोंडावर येतो, तिला थोडा वेळ उभी धरतो आणि तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत करतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते गुणांसाठी. येथे त्यावर दिवसाचे वेळापत्रक चालते. पहाटेपासून नऊ-दहापर्यंत मतलई वारा, नंतर खारा. म्हणून चांगली लाट न्याहारीच्या आधी.

वर्षाचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांचे. नैर्ऋत्य मोसमी वारा मेपासून सप्टेंबरपर्यंत वेलिगामा-हिक्कडुवाच्या किनाऱ्यावर समोरून आदळतो, तेव्हा तेथे नुसता कालवा; पण तोच वारा बेट ओलांडून अरुगम बेला पोहोचतो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा झालेला असतो. शिवाय त्या महिन्यांत दक्षिण गोलार्धात हिवाळा, वादळे जोरात. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ईशान्य वारा, तेव्हा सगळा प्रकार उलट: पूर्व किनारा बंद, नैर्ऋत्य किनारा चालू. छोट्याशा बेटाला असे दोन दरवाजे आहेत आणि एक लागला की दुसरा उघडतो. आपल्या कोकणाला एकच दरवाजा, आणि तो पावसाळ्यात वाऱ्याच्या तोंडावर. त्या दिवसांत आपल्याकडे दिसतात त्या लाटा मोठ्या असतात खऱ्या, पण त्या जवळच्या वाऱ्याच्या, आखूड आणि विसकळीत.

दुरून आलेल्या लाटेचा एक दुष्ट गुण सांगायला हवा. ती येते तेव्हा आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो. केरळातील कोळी तिला कळ्ळक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेच्या सुमारास ही लाट केरळच्या किनाऱ्यावर घरांत शिरते. मे २००५ मध्ये असे झाले तेव्हा शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आणि मूळ सापडले ते दक्षिण महासागरातील वादळात. आता हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र तिच्या पूर्वसूचना देते. शब्द मात्र कोळ्यांचाच राहिला.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष किनाऱ्यावर, आणि तेथे गुरू कोळीच. कोळी होडी कोठे लावतो ते आधी पाहावे: तेथे लाट दुबळी. तो कोणत्या टोकाला वळसा घालून जातो ते पाहावे: तेथे काहीतरी आहे. मग स्वस्थ बसावे. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. जवळजवळ सारख्या आवर्तनकाळाचे दोन तांडे एकमेकांत मिसळलेले असतात, ते जुळले की पाच-सहा मोठ्या लाटा ओळीने येतात, आणि मध्ये काही मिनिटे शांतता. अनुभवी माणूस पाण्यात उतरण्यापूर्वी अर्धा तास तरी हे मोजत बसतो. बसमधून उतरलेली सहल त्या शांततेत थेट पाण्यात जाते.

आणि आत जायचे कोठून? लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जायला वाट शोधते. वाळूच्या बांधात जेथे खोलगट फट असते, तेथून ते अरुंद पट्ट्याने वेगाने बाहेर ओढले जाते. त्या फटीत पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. पांढऱ्या फेसाच्या दोन भिंतींमध्ये गडद, गुळगुळीत गल्ली दिसते. फळीवाला ती गल्लीच शोधतो, कारण श्रम न करता ती त्याला लाटांपलीकडे नेऊन सोडते. लहान मुलांना घेऊन आलेला गृहस्थही तीच गल्ली निवडतो, कारण तेथे लाटा नाहीत.

आम्हीही तीच निवडली होती. वेलिगामाच्या पुढे एका लहान पुळणीवर, गुडघाभर पाण्यात उभे राहून, काय शांत जागा मिळाली म्हणून आम्ही समाधान पावत होतो. जाळे दुरुस्त करीत बसलेला एक म्हातारा कोळी उठून आला आणि हाताला धरून त्याने आम्हांला बाहेर काढले. त्याची भाषा आम्हांला येत नव्हती, आमची त्याला. त्याने वाळूतले नारळाचे एक सोडण उचलले आणि आम्ही उभे होतो त्या जागी पाण्यात टाकले. ते थोडे घुटमळले आणि मग कोणी दोरीने ओढावे तसे सरळ समुद्राकडे चालू लागले. पाहता पाहता लाटा फुटत होत्या त्या रेषेच्या पलीकडे गेले. म्हाताऱ्याने हाताने ‘थांबा’ अशी खूण केली. तेथे ते मंदावले, उजवीकडे किनाऱ्याला समांतर सरकत गेले, मग फेसात सापडले, आणि दहा-बारा मिनिटांनी आमच्यापासून दोनशे पावलांवर वाळूला लागले. त्याने प्रथम आमच्याकडे बोट केले, नंतर त्या सोडणाकडे, आणि हाताने तीच वाट हवेत पुन्हा एकदा काढून दाखविली: बाहेर, आडवे, आणि मग आत. एवढे करून तो आपल्या जाळ्याकडे परतला.